हेडलाइटचं बटण

आमच्याकडे नवी मोटारसायकल आली तेव्हा तिचा हेडलाइट बंद करायला बटणच नव्हतं. इंजिन चालू झालं की दिवा लागायचा, भर दुपारीसुद्धा. माझे यजमान आमच्या विजय नगर वस्तीतून शहराच्या रांझी भागातल्या कारखान्यात जायचे. समोरून येणारा जो तो पंजा उघडमीट करून त्यांना खुणावायचा, लाइट चालू आहे म्हणून. पहिला आठवडा त्यांना हसू आलं, मग चीड यायला लागली.

एक दिवस ते मेकॅनिककडून बटण बसवूनच आले.

"कंपनीने विचार करूनच दिलं असेल ना," मी म्हटलं.

"उजेडात दिवा काहून जाळायचा? मला सगळं दिसून राहिलं ना."

यावरून आमचं दोनदा वाजलं. मग मी तो विषय सोडला.

जानेवारीत माझी स्कूटर दुरुस्तीला होती. माझी शाळा त्यांच्याच वाटेवर, म्हणून सकाळी मी त्यांच्या मागे बसले. धुकं एवढं दाट की झाड अगदी जवळ आल्यावरच झाड आहे हे कळायचं. त्यांनी बटण दाबून दिवा बंद केला.

"धुक्यात लाइटने अजूनच पांढरं दिसतं," म्हणाले.

आमच्या पुढे एक स्कूटर होती, दिवा लावलेली. ती धुक्यात शिरली आणि दिसेनाशी झाली. नंतर समोर ट्रकचे दोन पिवळे दिवे दिसले. जागच्या जागी होते.

"थांबलाय तो," हे म्हणाले, आणि वेग तसाच ठेवला.

मग ते दिवे हलले. हळूच सरकत आमच्या बाजूला आले आणि अगदी समोर मोठे होत गेले. हॉर्न नाही, ब्रेकचा आवाज नाही. यांनी गाडी डावीकडे ओढली आणि आम्ही दोघं नालीत पडलो. ट्रक डोक्यावरून गेल्यासारखा बाजूने गेला.

ड्रायव्हर थांबून पळत आला. "भाभीजी, आगे ट्रॉली खराब खड़ी थी। स्कूटर की लाइट दिखी, तो उसको जाने दिया। फिर लगा, रास्ता खाली है।"

माझं कोपर सोलवटलं होतं. यांच्या खांद्याजवळचं हाड मोडलं. दवाखान्यात ते एकच वाक्य बोलत राहिले, "मला तर तो पूर्ण वेळ दिसून राहिला होता."

त्याला आपण दिसत नव्हतो, हे त्यांना कळलं होतं.

हात गळ्यात बांधलेला असतानाच ते म्हणाले, "चलो, ते बटण काढून घेऊ." भाच्याने मोटारसायकल नेली, मी यांना स्कूटरवर नेलं. मेकॅनिकने तार जोडता जोडता सहज सांगितलं, "भैया, आप पहले हो जो निकलवाने आए। लगवाया तो बहुतों ने है।"

परतताना ऊन होतं. तरी मी स्कूटर वीसच्या वर नेली नाही.