कागदावरून निघालेलं नाव

धुक्यामुळे सगळ्या गाड्या रखडल्या होत्या. पुण्याला निघालेली मी चारबाग स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये बसले होते. खिडकीबाहेरचा फलाट दुधात विरघळल्यासारखा दिसत होता. शेजारी पन्नाशीच्या एक बाई मांडीवर लॅपटॉप घेऊन बसल्या होत्या. बटण दाबताना त्या डोळे मिटत, मग हळूच एकच डोळा उघडून पडद्याकडे बघत.

न राहवून मी विचारलं, तेव्हा त्या हसल्या. "ब्लॉकचेन है, पर असली नहीं. बस मेरे लैपटॉप के अंदर रहती है."

गावातल्या बायकांच्या जमिनींच्या नोंदींसाठी त्या प्रोग्राम लिहीत होत्या. वडील गेल्यावर त्यांच्या आईचं नाव कुणीतरी कागदावरून गुपचूप काढलं होतं. खऱ्या ब्लॉकचेनवर, म्हणजे एकाच वेळी अनेक संगणकांवर राहणाऱ्या नोंदवहीवर, चढलेली चूक पुसता येत नाही, म्हणून आधी ही सरावाची. त्यात सगळे गावकरी खोटे होते, फक्त आईचं नाव खरं.

कुणाला ते नाव काढता येतं का, हे तपासायला त्यांनी स्वतःच ते काढून बघितलं. ते निघालं. त्या मात्र खुश झाल्या.

"अच्छा हुआ! सारी ग़लतियाँ यहीं कर लेनी हैं, बहनजी."

त्यांनी दोन ओळी बदलल्या, सगळं पुसून गाव नव्याने वसवलं आणि पुन्हा प्रयत्न केला. या वेळी नाव हललं नाही. त्यावर बोट ठेवून त्या पुटपुटल्या, "अम्मा, अब आराम से बैठो."

तेवढ्यात माझी गाडी लागली. गडबडीत त्यांचं नाव विचारायचं राहिलं. त्यांच्या आईचं मात्र लक्षात आहे. रामकली.