गंगम्मा खड्ड्यात उतरली

माझ्या गंगम्मा आत्याच्या तोंडाला मुरुमच्या बाजारात कुणी लागत नसे. बाजाराच्या दिवशी गोणपाट टाकून ती कडक भाकरी आणि शेंगाची चटणी विकायला बसायची. एखादं गिऱ्हाईक भाकरी उचलून उलटीपालटी करायला लागलं की ओरडायची, "पोरगी बघायला आलाव का? घ्यायची तर घ्या, न्हायतर ठेवा खाली!" लोक हसायचे आणि एखादी भाकरी जास्तीची घेऊन जायचे. नवरा तरणाच गेला होता. पदरात एकच लेक, जगदेवी. माझे अप्पा, सोमलिंग, हे आत्याचे धाकटे भाऊ. आमच्याकडं राहायला ये म्हणून ते किती मागं लागले, पण ही बाई हलली नाही. भाकरी थापून तिनं लेक वाढवली.

आता तिच्याबद्दल आमच्याच लोकांनी नाही नाही ते पसरवलंय. देव टाकलेली बाई म्हणे! ऐकलं की माझं डोकं फिरतं. म्हणून अप्पांनी डोळ्यांनी जे बघितलं आणि मला पुन्हा पुन्हा सांगितलं, ते तुम्हाला सांगते.

जगदेवीला दिलं बेनीतुरे नदीच्या काठावरच्या एका गावात. गावाचं नाव मी घेणार नाही, त्यांची लेकरंबाळं नांदतायत तिथं. नवरा कल्याणप्पा. जमीनजुमला भरपूर, घरात कशाला कमी नाही, आणि हात मात्र सुटलेला. सासू चन्नम्मा देवभोळी, कमी बोलणारी. पोराला आवरायची तिची ताकद नव्हती. जगदेवी माहेरी आली आणि आत्या तिला न्हाऊ घालायला बसली की ती म्हणायची, "माझं म्या न्हाते, अव्वा." पाठ दाखवायची नाही. आत्याला कळत होतं सगळं. पण नांदती लेक घरी आणून बसवायची हे तेव्हा कुणाच्या मनातसुद्धा येत नव्हतं.

निजामाच्या राज्याचे शेवटचे दिवस होते. रझाकारांच्या टोळ्या गावागावांतून फिरत होत्या. लोक बायकापोरं बैलगाडीत घालून सरहद्द ओलांडत होते, कुणी अक्कलकोटाकडं, कुणी सोलापूरकडं. त्या ज्येष्ठात कल्याणप्पाचा निरोप आला. पाणी आणायला गेलेल्या जगदेवीला रझाकारांनी उचलून नेली.

कोण खोटं म्हणणार? तेव्हा तशा बातम्या रोज कानावर पडत होत्या. अप्पा तुळजापुरापर्यंत शोधत गेले, हात हलवत परत आले. आत्यानं चूल पेटवायची सोडली.

आणि एक गोष्ट तिला आतून खात होती. आम्हा लिंगायतांत लहानपणीच गळ्यात इष्टलिंग बांधतात. जीव आहे तोवर ते अंगावेगळं करायचं नाही. रोज अंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, मगच तोंडात पाणी. माणूस गेलं की आमच्यात जाळत नाहीत. खड्डा खणून त्यात मांडी घालून बसवतात, अंगाला विभूती लावतात, आणि तेच लिंग डाव्या तळहातावर ठेवून कापडानं बांधून देतात. मेल्यावरसुद्धा हात रिकामा राहता कामा नये. आत्या रात्रंदिवस तेच बोलायची, "मारलं असंल तर मारू दे. पर माझ्या लेकीच्या गळ्यातलं लिंग तोडून फेकलं असंल रे, सोमा!"

मग पोलीस ॲक्शन झालं. निजाम गेला, रझाकार पळाले, आणि इतक्या दिवसांचा राग गावागावांत बाहेर पडला. त्यात कोण होता रझाकार आणि कोण नुसता मुसलमान, हे बघायला कुणाला सवड नव्हती. आमच्याच माणसांनी काय काय केलं ते मी झाकणार नाही, पण इथं सगळं सांगत बसत नाही.

कल्याणप्पाच्या गावात रसूल नावाचा पिंजारी होता. कापूस पिंजून गाद्या भरून द्यायचा. म्हातारी आई अजीजाबी, आणि तो. कल्याणप्पानं उठवलं की रसूलनंच रझाकारांना पाणवठा दाखवला. रसूल जीव घेऊन ज्वारीत लपला होता. त्याला ओढून आणला आणि चावडीत बांधून ठेवला. मिलिटरीचा साहेब दौऱ्यावर येणार होता म्हणून तो जिवंत, नाहीतर कधीच उरकला असता.

कल्याणप्पा स्वतः गाडी घेऊन मुरुमला आला. आत्याला म्हणाला, "अत्ती, साहेबाम्होरं तुमी एवढंच म्हना, जगदेवी तुमाला सांगत व्हती की रसूल्या तिच्या मागं मागं फिरतो. आईनं सांगितल्यावर कोन न्हाय म्हनंल? बाकीचं गाव बघून घेतंय."

जगदेवी असं कधी बोलली नव्हती. आत्या म्हणाली, "म्हनते. लाख येळा म्हनते." तिच्या लेकीचा जीव गेला होता, तिला कुणाचा तरी जीव हवा होता. अप्पा तिच्याबरोबर गाडीत बसले.

गावात शिरताना चावडीच्या पायरीशी अजीजाबी बसलेली होती. तिनं पदर पसरला, "गंगाबाई, मेरा बच्चा बेकसूर है, तुमारी बेटीकू वो भैन बोलता था." आत्या तिच्या अंगावर थुंकली. पुढं जाऊनही शिव्या थांबल्या नाहीत. अप्पांना लाज वाटली, पण बहिणीला बोलायची हिंमत झाली नाही.

साहेब दुसऱ्या दिवशी येणार होता. जावयाच्या घरी आत्यानं अंघोळ केली, पूजेला बसली. लिंग तळहातावर घेतलं आणि तिचा बांध फुटला. "देवा बसवण्णा, माझ्या लेकीचं लिंग कुठं पडलं असंल रे? कुठल्या गटारात, कुनाच्या पायाखाली!" ऊर बडवून घ्यायला लागली. अप्पा ओसरीवर होते, त्यांना सगळं ऐकू येत होतं.

चन्नम्मा आतून आली, आत्याच्या शेजारी बसली, तिचे हात धरले. ती बाईसुद्धा कधीची जळत असणार. तिला ते ऐकवेना. म्हणाली, "न्हाय ओ इहीणबाई, असं नका म्हनू. लिंग तिच्या हातातच हाय. म्या माझ्या हातानं बांधलंय. विभूती लावली, बेल ठेवला. काय सुदीक कमी केलं न्हाय तिला बसवताना."

बोलून गेली आणि मग तिला कळलं आपण काय बोललो. घागर उचलून ती परसात पळाली.

आत्या रडायची थांबली. पूजा पुरी केली. लिंग गळ्यात घातलं. कल्याणप्पा शेतातून आला तेव्हा त्याच्यासमोर बसून दोन घास जेवली, आमटी बरी झालीय म्हणाली. जेवून झाल्यावर ती अप्पांना हळूच म्हणाली, "सोमा, ह्यांची मानसं कुठं बसवत्यात ते बघून ये."

अप्पा बैलांना पाणी पाजायच्या निमित्तानं गेले. नदीकडच्या बांधाला कल्याणप्पाच्या भावकीची जागा होती. तिथं एका ठिकाणी माती अजून पुरती बसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी साहेब आला. चावडीसमोर सगळा गाव जमला. लोकांच्या हातात काठ्या, कुऱ्हाडी. रसूलला बाहेर काढला, त्याला उभं राहवत नव्हतं. कल्याणप्पानं आत्याला पुढं ढकललं. "बोला अत्ती."

आत्या बोलली, "साहेब, ह्या मानसानं माझ्या लेकीला मारली अन् नदीकडच्या बांधाला बसवली. उकरा."

काय गोंधळ उडाला! म्हातारीला याड लागलं म्हणाले, रसूलच्या आईनं पैसे चारले म्हणाले. चन्नम्माला विचारलं तर तिनं तोंडात पदर कोंबला. साहेब परमुलखातला होता, त्याला गावातल्या कुणाचंच सोयरसुतक नव्हतं. त्यानं खणायला लावलं. रसूललाही दोरीनं बांधून तिथं नेला.

आत एक बाई मांडी घालून बसलेली निघाली. मान पुढं पडलेली. मीठ-विभूतीनं आणि पावसाच्या पाण्यानं चेहरा काही राहिला नव्हता. अंगावर एक दागिना नाही, घरच्यांनी सगळं काढून घेतलेलं. कल्याणप्पा निवांत म्हणाला, "ही माझी चुलती. गेल्या साली पटकीनं गेली. आमच्यात समदे असेच बसवतो आमी. वळखा की आता, हीच जगदेवी हाय का ते."

साहेबानं आत्याला विचारलं, "पहचान क्या है?"

आत्या म्हणाली, "हातातलं कापड." आणि सांगितलं. कल्याणप्पाच्या घरात सगळ्या बायकांच्या लिंगाला चांदीची डबी. जगदेवीचं लिंग मात्र कापडात शिवलेलं, तिच्या बापाच्या लाल पटक्याचा तुकडा होता तो. सासरी डबी करून देत होते, तर पोरगी नको म्हणाली होती. ह्या बाईच्या मुठीतलं लिंग त्याच लाल कापडात असेल.

पण तो हात म्हणजे चिखलाचा गोळा झाला होता. वरून रंग कळत नव्हता. साहेब शिपायाला म्हणाला, खोल के देखो. शिपाई वाकला आणि अख्खा गाव अंगावर आला. मेलेल्याच्या हातातलं लिंग काढायचं? धर्म बुडवायचा? कल्याणप्पा सगळ्यात मोठ्यानं ओरडत होता. काठ्या उगारल्या गेल्या. शिपायांनी बंदुका सावरल्या. कुणीतरी रसूलच्या पाठीत काठी घातली, तो तोंडावर पडला. साहेब चिडून म्हणाला की पहचान नाही तर मी मिट्टी टाकून जातो, मग तुमचं तुम्ही बघा. तो गेला असता तर रसूल त्याच जागी संपला असता आणि कल्याणप्पा संध्याकाळी घरी जाऊन जेवला असता.

आत्या म्हणाली, "कुनी हात लावायचा न्हाय. म्या काढते."

अप्पांनी तिचा दंड धरला. "अक्का, नको गं. ह्याचं पाप फिटायचं न्हाय." तिनं हिसडा दिला आणि खड्ड्यात उतरली.

अप्पांना मी किती वेळा विचारलं, मग काय झालं? इथं आले की ते डोळे पुसायला लागायचे. गळ्यातलं लिंग दुसऱ्या कुणी तोडलं असेल म्हणून जी बाई चार महिने ऊर बडवत होती, तीच आता लेकीच्या मांडीला मांडी लावून बसली आणि तिची मूठ उघडायला लागली. बोटं सुटत नव्हती. आत्या म्हणत होती, "सोड गं माझे बाय, सोड. तुजी अव्वा हाय. दुसरं कोन न्हाय." एकेक बोट सोडवलं. कापड उलगडलं आणि पदरानं पुसलं. लाल होतं. आत आत्याच्या स्वतःच्या हातचे टाके होते.

तिनं कापड वर धरलं. मग लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मागच्या बाजूला हात थांबला. तिथं डोकं फुटलेलं होतं. तेव्हा ती ओरडली. अप्पा म्हणायचे, असं ओरडणं मी जन्मात ऐकलं नाही.

पुढं कल्याणप्पानं कबूल केलं. गाव रिकामं होत होतं, तेव्हा मला मुरुमला अव्वाकडं पोचवा म्हणून जगदेवी हट्टाला पेटली होती. यानं मुसळ उचललं. बास, एवढंच. माहेरी जाते म्हणाली म्हणून मारली! मेल्याची झडली नाही कशी ती जीभ, रझाकारांनी नेली म्हणून सांगताना?

साहेबानं लिंग आणि कापड ताब्यात मागितलं. खटल्याला पुरावा लागणार होता. आत्यानं वर दिलं. खड्ड्यात लेकीचा हात उघडा पडला होता. मग आत्यानं स्वतःच्या गळ्यातलं लिंग सोडलं, लेकीच्या तळहातावर ठेवलं, पदराचा काठ टरकन फाडला आणि गच्च बांधलं. गावचे पुजारी जंगमस्वामी "अगं अगं" करत राहिले. ती म्हणाली, "आता लोटा माती."

रसूल सुटला. आईला घेऊन तो सोलापूरला गेला, परत आला नाही. आत्यानं अजीजाबीची माफीबिफी काही मागितली नाही, जमलं नाही तिला ते. कल्याणप्पा काही वर्षं आत राहिला, सुटून आला, दुसरी केली, आणि म्हातारा होऊन अंथरुणात मेला. जगदेवीचं लिंग सरकारजमाच राहिलं.

आणि गंगम्मा आत्या आमच्या लोकांना विटाळली. बिनलिंगाच्या बाईची भाकरी कोण खाणार? मुरुमच्या बाजारात तिच्यासमोर थांबायचे ते परगावचे गाडीवान. मठातून निरोप आला, प्रायश्चित्त घे, नवं लिंग बांधतो. अप्पांनी पाय धरले तिचे. ती म्हणाली, "म्या लिंग टाकलंय व्हय? माझं लिंग माझ्या लेकीच्या हातात हाय. दुसरं बांधलं तर ते टाकल्यावानी हुईल."

ती गेली तेव्हा खांदा द्यायला चार माणसं मिळवताना अप्पांच्या नाकी नऊ आले. शेवटी बसवलं तिला. अंगाला विभूती लावली, कपाळी लावली, आणि डावा हात तसाच मांडीवर मोकळा ठेवला.