अजगराला ऊन

नेदरलँड्समध्ये संसार मांडला की माणसाचं पहिलं वैर जडतं ते ओलीशी. आमचं बाडहूव्हडॉर्पचं घर चिंचोळं, न्हाणीघराला खिडकी नाही, कपडे वाळत घालायचे ते बैठकीतच, रेडिएटरसमोर. कोपऱ्यात काळी बुरशी धरायची आणि सुट्टीच्या दिवशी मी ती घासत बसायची. अशा घरात माझ्या लेकीनं मुद्दाम ओल तयार करायला घेतली, तेव्हा माझं डोकं फिरलं यात नवल नाही.

सोळाव्या वर्षी तिनं साप मागितला. बॉल पायथन, म्हणजे अजगराच्या जातीतला, पण बेताचा, शांत. नवऱ्यानं लगेच होकार दिला, कारण त्याला काही करायचं नव्हतं. मी नाही-नाही म्हणत राहिले आणि घरात काचेची पेटी आली. तळाशी नारळाच्या भुशाचं कोकोपीट, एका टोकाला विजेवर तापणारी गरम चटई, लपून बसायला ओल्या शेवाळाचा डबा, आणि हवेतली आर्द्रता दाखवणारा मीटर. हवा कोरडी पडली की कात सलग निघत नाही, डोळ्यांवर तुकडे चिकटून राहतात, असं तिनं मला समजावलं. शाळेतून आली की दप्तरही न उतरवता ती आधी मीटर बघायची आणि मग पाणी फवारायची. मैत्रिणी फारशा नव्हत्याच. माझ्याशी जेवढ्यास तेवढं, तेही इंग्रजीत. त्या पेटीसमोर मात्र ती तासन्‌तास बसायची.

मार्चमध्ये माझे बाबा आले, तीन महिन्यांच्या व्हिसावर. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. त्यांची सगळी नोकरी लातूरला, धान्याच्या गोदामात झाली. दाणा दाताखाली फोडून ते माल किती ओला आहे ते सांगत. ओल म्हणजे कीड, ओल म्हणजे नासाडी, एवढं त्यांचं तत्त्वज्ञान. आमच्या लहानपणी घरात सगळ्याला ऊन दाखवलं जायचं: गाद्यांना, डाळींना, लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांना, शाळेच्या बुटांना आणि सर्दी झालेल्या आम्हा पोरांनाही. जे बिघडेल त्याला आधी ऊन, मग डॉक्टर.

आजोबा-नातीची पहिल्याच दिवशी जुंपली. पेटीतून कुबट वास येतोय, असं बाबा म्हणाले. जंगलात असाच येतो, असं ती म्हणाली, आणि चक्क मराठीत म्हणाली. मोडकीतोडकी, पण धारदार मराठी. तुम्हाला सापातलं काही कळत नाही, मधे बोलू नका, असं ती त्यांना तोंडावर सांगायची. ते म्हणायचे, ओलीतलं कळतं, तेवढं पुरे. रोज हे असं, आणि भांडण संपलं की दोघं मिळून सिंकपाशी शेवाळ धुवायची. मला हेवा वाटायचा, सरळ सांगते. पोटच्या पोरीची मराठी ऐकायला मला दाराआड उभं राहावं लागत होतं.

एप्रिलमध्ये साप आजारी पडला. तोंड उघडं ठेवून श्वास घ्यायचा, नाकाशी बुडबुडे यायचे. गरम चटई कधीतरी बंद पडली होती आणि फवारणं मात्र चालूच होतं, त्यामुळे तो गारठ्यात आणि ओलीत राहिला होता. प्राण्यांच्या डॉक्टरांनी फुप्फुसात संसर्ग असल्याचं सांगितलं. इंजेक्शनं द्या, पेटीतून काढून झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा, खाली नुसता किचन पेपर, नवी चटई, आणि कोरडं आणि उबदार राहू द्या. घरी येऊन मी बाबांना हे मराठीत सांगितलं. ‘मी म्हणत नव्हतो?’ हे त्यांच्या अगदी ओठावर आलेलं दिसलं, पण नात रडत होती, म्हणून त्यांनी ते गिळलं. तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

थोड्याच दिवसांत लख्ख ऊन पडलं. इथं असं ऊन पडलं की सगळी गल्ली खुर्च्या घेऊन बाहेर येते. लेक शाळेत होती, मी माडीवर हेडफोन लावून मीटिंगमध्ये. बाबांनी तो डबा उचलला, मागच्या अंगणात नेऊन स्टुलावर ठेवला, साप निसटू नये म्हणून झाकणाच्या कड्या नीट लावल्या, आणि शेजारच्यांचं मांजर येऊ नये म्हणून स्वतः राखण करत बसले.

मी चहाला खाली आले तेव्हा ते खुशीत होते. म्हणाले, किती दिवसांनी तरतरी आली बघ, मघाशी सारखा गरागरा फिरत होता, आता दमून झोपलाय.

झाकण आतून थेंबांनी भरलं होतं. कड्या काढल्या तर गरम वाफ तोंडावर आली. पाण्याची वाटी उलटी झाली होती, आणि साप लांब सरळ पडला होता, हवेची बारीक भोकं होती त्या बाजूला नाक दाबून. मी त्याला हातात घेतलं. नुकत्याच उतरवलेल्या भांड्यासारखा तो चटका देत होता. बाबांनी हात लावून पाहिलं आणि ते नळाखालून पाणी आणून त्याच्यावर ओतायला लागले. पुन्हा आणलं, पुन्हा ओतलं. शेवटी मी त्यांच्या हातातून तांब्या काढून घेतला.

लेक आली तेव्हा मी पुढे झाले, पण त्यांनी मला हातानं अडवलं.

“बाळा, मी त्याला उन्हात ठेवला. बरं वाटेल म्हणून. तो गेला. माझ्या हातून गेला.”

ती किंचाळेल, काहीतरी फेकेल असं मला वाटलं. मी त्याची तयारीच केली होती. तिनं डब्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

“इट्स ओके. यू डिडंट नो.”

पार्सल आणून देणाऱ्या माणसाशी ती याच आवाजात बोलते.

पुढचे सगळे दिवस ती त्यांच्याशी निर्दोष वागली. दारातून त्यांना आधी जाऊ द्यायची, न सांगता चहा विचारायची, त्यांचं ताट उचलायची, सगळं इंग्रजीत आणि हसून. बाबांनी खूप खटाटोप केला. इथल्या चीजला साबण म्हणाले, तिच्या सायकलला नावं ठेवली, मुद्दाम खोड्या काढल्या. ती नुसती मान डोलवायची. एकदा मी तिला झापलं, म्हटलं, म्हातारं माणूस आहे, पोटात घाल. तिनं मला शांतपणे विचारलं की मी माफ केलंय, आता अजून काय करू? तिनं खरंच माफ केलं होतं. राग धरला असता तर तो कधीतरी गेला असता.

स्किपोल विमानतळावर ती आमच्याबरोबर आली, बॅगाही तिनंच ओढल्या. ती पाणी आणायला गेली तेवढ्यात बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, “जाण्याआधी एकदा भांड म्हणावं तिला माझ्याशी.”

ती परतली. बाटलीचं झाकण सैल करून तिनं ती त्यांच्या हातात दिली आणि म्हणाली, “हॅव अ सेफ फ्लाइट.”

बाबांनी क्षणभर शब्द शोधला. मग परक्या बाईशी बोलावं तसं, अदबीनं म्हणाले, “थँक यू.”