डोकं हगुर झालं पाहिजे!

आमच्या वर्कशॉपमध्ये फसलेल्या प्रिंटची एक बादली आहे. ती भरली की भंगारवाला घेऊन जातो. किस्से मात्र कोणी नेत नाही, ते साठतच जातात! आमच्या एकाच प्रिंटरचे इतके साठलेत की बादली पुरायची नाही.

म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात आमचं छोटंसं थ्रीडी प्रिंटिंगचं काम आहे. माणसं तीनच. मालक व्यंकोबाअण्णा, इथल्याच बेळगोळच्या एका फॅक्टरीतून रिटायर झालेले. दीपा, नाशिकहून आलेली इंजिनिअर. आणि मी, दहावी पास. प्रिंट घासून साफ करणं, पॅकिंग, कॉफी आणि या दोघांची भांडणं मिटवणं माझ्याकडे.

वर्कशॉपच्या मागेच अण्णांचं घर. मधल्या अंगणात गुळगुळीत दगडी फरशी. तिथे अण्णांच्या आईची, म्हणजे अम्मांची काठी सटकली. दाराची चौकट हाताला लागली म्हणून वाचल्या. तेव्हापासून अण्णांनी त्यांना खोलीतच बसवलं. काठी त्यांच्या यजमानांची, जाड, खाली पितळी टोपण. बाजारातलं एकही रबर बसेना.

"नवी काठी आणू," अण्णा म्हणाले.

"नवा मुलगा आण आधी!" अम्मा म्हणाल्या.

मग ठरलं. काठीला रबरी बूट आपणच प्रिंट करायचा.

* * *

बूट काही होईना. आमच्या प्रिंटरमध्ये प्लॅस्टिकची तार ढकलणारी मोटर एका टोकाला आणि ती वितळवणारं डोकं दुसऱ्या टोकाला. मध्ये लांब नळी. कडक तार नीट जायची, पण रबरी तार आतच गोळा व्हायची.

दीपाने मला अर्धा तास समजावलं. मी ते अम्मांना एका वाक्यात सांगितलं, "चकलीचा सोऱ्या स्वयंपाकघरात, कढई अंगणात, आणि मध्ये पाइप!"

अम्मा म्हणाल्या, "मग सोऱ्या कढईवर धर की. याला कॉलेज कशाला लागतं?"

दीपाने स्वतःची वही उघडून पाहिली. तिने वहीत लिहिलेलं 'डायरेक्ट ड्राइव्ह' म्हणजे नेमकं तेच होतं!

* * *

आता मोटर डोक्यावर बसवायची, तर डोकं जड होणार. जड डोकं पळताना हलतं आणि प्रिंट बिघडतो. म्हणून लहान मोटर, हलकी पट्टी, सगळं कमी वजनाचं हवं.

अण्णांची मराठी आमच्या म्हैसूरची, निम्मी कन्नड. ते जोरात म्हणाले, "दीपा, डोकं हगुर झालं पाहिजे!"

दीपाच्या हातातला स्क्रू पडला.

"अण्णा!"

"काय झालं? अजून हगुर पाहिजे. जितकं हगुर तितकं बरं!"

ती लालबुंद होऊन माझ्याकडे पळत आली. "अक्का, हे काय बोलताहेत?"

"अय्यो, हगुर म्हणजे हलकं गं! कन्नड आहे."

दीपा दहा मिनिटं हसत होती. तेव्हापासून तिच्या ड्रॉइंगवरही तोच शब्द असतो: हगुर एक, हगुर दोन, हगुर तीन.

* * *

हगुर तीन किती हलकं झालं ते पाहायला आमच्याकडे काटा नव्हता. अण्णा पट्टी आणि तार पकडून ढकलणारी दातेरी चाकं घेऊन ओळखीच्या सोनाराकडे गेले. मी सोबत होते. सोनाराने सगळं काट्यावर ठेवलं.

शेजारी बसलेल्या बाई वाकून बघू लागल्या. "डिझाइन नवीन दिसतंय. कानातलं का? जोडी नाही?"

अण्णा गंभीरपणे म्हणाले, "जोडी कशाला? डोकं एकच आहे हो."

बाई माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "बरे होतील हं."

* * *

सगळं जोडलं, तर तार चाकांतून घसरायला लागली. दीपाने स्प्रिंग बदलली, स्क्रू आवळले, चाकं तीनदा उघडली. तरी घसरणं सुरूच!

चौथ्यांदा मी कापडाने चाकं पुसली आणि कापडाचा वास घेतला. मग अण्णांच्या बोटांचा घेतला.

साजूक तूप!

रबरी तारेला दमट हवा चालत नाही, म्हणून ती हवाबंद डब्यात ठेवतो. त्याच डब्यात, तारेच्या रिळामागे, मैसूरपाक! अण्णांना साखरेचा आजार. पूर्वी अंगणातून अम्मांची काठी टक्‌टक् वाजली की अण्णांचा हात डब्याबाहेर यायचा. अम्मा खोलीत बसल्यापासून हात आतच!

"अण्णा, तारेला तूप लागलंय," मी म्हटलं.

"लुब्रिकेशन!" अण्णा म्हणाले.

* * *

चाकं धुऊन कोरडी तार लावली, आणि शेवटी बूट झाला. काळा, मऊ, अगदी मापात. अण्णांनी स्वतः तो काठीला चढवला. अम्मांनी एक पाऊल टाकलं, थांबल्या, दुसरं टाकलं. अख्खं अंगण एकट्याने ओलांडलं. अण्णांनी डोळे पुसले. मीही पुसले.

दुसऱ्या दिवशी अकराच्या कॉफीला अण्णा डब्यात हात घालून दीपाला सांगत होते, "बघितलंस? माझ्या अम्मांसाठी मी काय..."

दीपा त्यांच्या मागे बघायला लागली. मीही बघायला लागले. कसलाच आवाज झाला नव्हता.

"व्यंकू," मागून अम्मा म्हणाल्या, "तार कधीपासून खायला लागलास?"

अण्णांचं तोंड भरलेलं. अम्मांनी डबा काखेत मारला आणि अंगणातून निघून गेल्या. पुन्हा आवाज नाही.

अण्णांनी कसाबसा घास गिळला. मग हळूच म्हणाले,

"दीपा, त्या बुटात एक घुंगरू बसेल का गं? लहानसंच. हगुर!"