पयले कोणाच्या टेबलावर?

"बाईच्या कॉम्प्युटरवर टाका पयले. त्यांच्याच्यानं झालं तं कोणाच्यानंही होते."

बडेबाबू, म्हणजे आमचे हेडक्लार्क, संस्थाचालकांच्या कॉम्प्युटरचं काम बघणाऱ्या पुतण्याला म्हणाले. मी तिथली क्लार्क, समोरच बसले होते. सगळं ऑफिस हसलं. पुतण्याही.

केशोरीकडची आमची खासगी शाळा. कॉम्प्युटर जुने, त्यावरचं विंडोज त्याहून जुनं. म्हणून विंडोज काढून सगळीकडे लिनक्स टाकायचं ठरलं. त्यातलंच एक नवीन निघालेलं, फुकट मिळणारं. रोजच्या कामाला चालतं का, ते आधी बघायचं. बघायचं काम माझ्यावर.

फुकट म्हटलं की मला शंका येते. माझ्याच टेबलावर का, ही त्याहून मोठी शंका.

गोंदियाला टायपिंग शिकायला जायची, तेव्हा क्लासमध्ये दाराजवळ एक मशीन होतं. कळा अडकायच्या. बौद्ध मोहल्ल्यातल्या आम्हा मुलींना तेच मिळायचं. तसा नियम कोणी सांगितला नव्हता. बाकीची मशीन आमच्या वेळेला भरलेली असायची. रिकामी दिसली तरी. मी त्याच मशीनवर पास झाले आणि गप्प राहिले.

आठवडाभर लिनक्स चालवलं. लवकर सुरू होतं. प्रिंटर चालला. मराठी टायपिंगलाही अडचण नाही. मग एका मुलाची जुनी टीसी उघडली, तर पडद्यावर अक्षरांचा कचरा. आमच्याकडे वर्षानुवर्षं सगळं एकाच जुन्या फाँटमध्ये टाइप होत आलंय. तो फाँट यात नव्हता.

बडेबाबू आले. पडदा पाहिला.

"काय दाबलं बाई तुम्ही?"

लिनक्सबद्दल एक प्रश्न नाही. मी विचारलं, "बाबूजी, परीक्षा याची आहे का माझी?"

"काऊन भडकून राहिल्या? जमत नसंल तं सांगा."

मी कॉम्प्युटर बंद केला.

"तुमच्या टेबलावर टाका पयले. आठवडाभर चालवा. तुमच्याच्यानं झालं का नाही, ते मी साऱ्यांसमोर सांगीन."



त्यांच्या टेबलावर ते अजून आलेलं नाही. माझा कॉम्प्युटर बंदच आहे. टीसी, बोनाफाईड मी हाताने लिहून देते, कोणाचं काम अडू देत नाही. मेमो देण्याची भाषा सुरू आहे. द्या.

लिनक्स वाईट नाही. फाँट टाकला तर चालेल. हे मी सांगेन, पण लिनक्सबद्दल विचारणाऱ्याला. मला जमतं का, असं विचारणाऱ्याला नाही. या ऑफिसातल्या अकलेचं सगळ्यात खालचं माप मी नाही. यापुढे इथे काहीही नवीन आलं, की मी हात लावण्याआधी विचारणार : पयले कोणाच्या टेबलावर?