बरोबरीचा माणूस

साठच्या दशकात कतारला तेल कंपनीत क्लार्क होतो तेव्हा दर शुक्रवारी ट्रकच्या हौद्यात बसून कॅम्पाकॅम्पातल्या वाळूच्या मैदानांवर फुटबॉल बघायला जायचो. तिथे अलिबागकडचा एक फिटर हटकून भेटे. नाव कधी विचारलं नाही. मैदानाला कुंपण नसे, त्यामुळे बाहेर गेलेला चेंडू हाच आणायचा. एखादी टीम हरत असली तर धावत. बरोबरी असली, की वाटेत पायातला काटा काढत.

"तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?"

"बरोबरीच्या. मग जादा वेळ खेळतात. मॅच खलास झाली की पुन्हा खोलीवरच जायचंय ना?"

एकदा बरोबरी असताना चेंडू आमच्याकडेच आला. हा सरळ त्यावर बसला. रेफ्री शिट्ट्या फुंकत धावत आला.

"बसा की," शेजारची वाळू थोपटत फिटर मला म्हणाला, "तुमची तरी खोलीवर कोण वाट बघतंय?"

मी बसलो.