होडी ओढणारी गाडी

जुनी गाडी घेताना लोक मायलेज विचारतात. मी विचारायचे, "मागे होडी बांधली तर चढ चढेल का?" डीलर आधी हसायचे आणि मग मला सनरूफ उघडून दाखवायचे.

होडी बाबांची. फायबरची, लहान, दोन माणसं आणि एक जाळं मावेल एवढी. करावे गावात आमचं घर खाडीच्या अंगाला आहे आणि बाबांनी साठी उलटून गेल्यावरही तिथूनच मासेमारी केली. पण गावाजवळचा खाडीचा फाटा गाळाने भरत गेला आणि एक वर्ष असं आलं, की भरतीलाही होडी तरंगेना. तेव्हा ती बदामाच्या झाडाखाली आणून ठेवली. बाबा रोज सकाळी तिच्याशेजारी स्टूल टाकून बसायचे. हातात पेपर असायचा, पण पान उलटलेलं मी कधी बघितलं नाही. रविवारी सीवूड्सच्या माझ्या फ्लॅटमधून त्यांना भेटायला गेले की हे दिसायचं आणि मला चीड यायची. कोणावर, ते कळायचं नाही.

उरणच्या बाजूला होडी पाण्यात सोडायचा एक उतार आहे, तिथे अजून चांगलं पाणी असतं. एकदा टेम्पो करून होडी तिकडे नेली. टेम्पोवाला दोन तास उशिरा आला, तोवर ओहोटी लागली होती, आणि चढवता-उतरवताना होडीच्या कडेला तडा गेला तो वेगळाच. भरतीची वेळ रोज सरकते, ती काही टेम्पोवाल्याच्या सोयीने येत नाही. त्या दिवशी परत येताना मी बाबांना शब्द दिला. एक जुनी, छोटी एसयूव्ही घेते, मागे हुक बसवते, महाप्याला ऑफिसजवळ एक फॅब्रिकेटर आहे, त्याच्याकडून हलका ट्रेलर करून घेते. महिन्यातून एखाद-दोन रविवार आपण दोघं जाऊ. दुसऱ्या दिवशी बाबांनी तडा बुजवायला घेतला, असं आईने फोनवर सांगितलं.

मी आयटीवाली, म्हणजे आधी एक्सेल शीट आली. डिझेल की पेट्रोल, गिअर हाताचे की ऑटोमॅटिक, कंपनीच्या पुस्तकात किती वजन ओढायची परवानगी आहे, असे रकाने केले. बाबांना शीटशी देणंघेणं नव्हतं. ते गाडी होडीसारखी बघायचे. वाशीला एक पांढरीशुभ्र गाडी मला फार आवडली होती. बाबांनी आत बसून सीटबेल्ट पार शेवटपर्यंत बाहेर ओढला. मुळाशी सुकलेल्या गाळाची एक राखाडी रेघ होती. ती त्यांनी नखाने खरवडली, नाकाशी नेली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "बाय, ही गारी पान्यान बुरालेली हाय." डीलरचा चेहरा बघण्यासारखा झाला. खारघरला ते चक्क जमिनीवर आडवे झाले, गाडीच्या पोटाला बोटाच्या पेराने ठोकत गेले आणि एका ठिकाणी थांबले. तिथला आवाज बसका होता. दुसऱ्यांदा ठोकल्यावर गंजाचा पापुद्रा त्यांच्या कपाळावर पडला. "खारी हवा खाल्लीय हिनं," म्हणाले. मालक चिडला आणि आम्ही हसत हसत बाहेर पडलो.

ते रविवार मला आवडायला लागले होते, हे आता कबूल करते. बाबा आदल्या दिवशीच इस्त्रीचा शर्ट काढून ठेवायचे. वाटेत वडापाव खायचो. नऊ गाड्या बघितल्या. प्रत्येकीत खोट निघाली की मला आत कुठेतरी बरंच वाटायचं, कारण मग पुढचा रविवार पक्का व्हायचा. माणूस सत्तरीला आलाय, याचा रकाना मी शीटमध्ये केला नव्हता.

दहावी गाडी नेरूळला मिळाली. एक निवृत्त जोडपं मुलाकडे परदेशी चाललं होतं. डिझेल गाडी, हाताचे गिअर, क्लच नुकताच बदललेला. चढावर उभी करून हँडब्रेक सोडला, गाडी जराही मागे न सरकता वर निघाली. बाबांनी बेल्ट ओढला, पोट ठोकलं, कपडे झटकत उठले आणि म्हणाले, "घे."

पितृपक्ष चालू होता.

ऑफिसमध्ये मी देवधर्म मानत नाही असं सांगत फिरते. पण चेकबुक पर्समध्ये असताना मीच म्हणाले, "बाबा, पंधरा दिवस थांबूया. दसऱ्याला घेऊ, चांगल्या दिवशी." खरं तर कावळ्याला घास ठेवणारे बाबा, पितरांचं पान वाढल्याशिवाय न जेवणारे. तेच म्हणाले, "पितर काय गारीच्या आर येतान? आपले पितर दर्याचेच. होरी पान्यान गेली त त्यांना बरंच वाटंल. घे बाय." मी नाही घेतली. मालकांना थांबायला वेळ नव्हता. चार दिवसांनी त्यांचा फोन आला, की गाडी गेली. बाबांना सांगितलं तेव्हा ते "बरं" म्हणाले आणि होडीला रंग देत राहिले.

सर्वपित्रीच्या आदल्या सकाळी आई चहा घेऊन गेली, तर बाबा होडीला टेकून खाली बसलेले, तोंड वाकडं, ब्रश मांडीवर. उजवी बाजू गेली. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल. किती, ते म्हणाले नाहीत.

दसऱ्याला मी गाडी घेतली. दुसरीच, नेरूळवालीच्या पासंगालाही न पुरणारी. बेल्ट कोणी ओढून बघितला नाही. हुक मात्र बसवून घेतला, झेंडूचं तोरण बांधलं आणि घरी आणली. का आणली, असं नवऱ्याने विचारलं, तेव्हा त्याच्यावर ओरडले. मला दुसरं काही करता येत नव्हतं.

आता ती गाडी आठवड्यातून तीनदा बाबांना फिजिओथेरपीला नेते. ट्रेलर करायला टाकलाच नाही. बदामाखाली होडी अर्धी निळी, अर्धी जुनीच आहे. पावसाचं पाणी साठतं तिच्यात, आणि मच्छर होतात म्हणून शेजारी कुरकुर करतात.

परवा बाबांना वॉकर धरून गाडीच्या मागून नेत होते. त्यांची उजवी नडगी हुकवर घासली. चांगलं सोलवटलं, रक्त आलं, त्यांना कळलंही नाही. मीच खाली बसून ओढणीने पुसायला लागले, तेव्हा त्यांनी मान वाकवून आधी पायाकडे आणि मग हुककडे बघितलं.

"यो कनाला हाय?" जड जिभेने त्यांनी विचारलं.

"होडीसाठी, बाबा."

"कोनची होरी?"

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. ते खरंच विसरले होते की मला बोलून दाखवत होते, हे त्या अर्ध्या हलणाऱ्या चेहऱ्यावरून मला ओळखता आलं नाही. आईला मी हे सांगितलेलं नाही. त्यांना पुन्हा विचारायची माझी हिंमत नाही, कारण दोन्हींतलं कुठलंही उत्तर मला सोसणार नाही.